खुबा बदलण्याआधी विचारायचा एक प्रश्न

"कंबरेत भरलंय" म्हणत माणूस दोन-तीन वर्षं काढतो. तेल, शेक, पट्टा, मणक्याचा एमआरआय, सगळं होतं. मग एखादा डॉक्टर त्याला उताणा झोपवून, पाय गुडघ्यात वाकवून आत-बाहेर फिरवून बघतो. रुग्ण कळवळतो आणि तेव्हा कळतं की दुखणं कंबरेचं नव्हतंच, खुब्याचं होतं. रांजणगाव-शिरूरच्या पट्ट्यात ही गल्लत व्हायला कारणंही तशी आहेत. दिवसभर वाकून कांदा लावणाऱ्या बाईची किंवा एमआयडीसीत लाइनवर पाळीभर उभं राहणाऱ्या कामगाराची कंबर दुखणारच, असं घरच्यांनी, गावाने आणि कधीकधी डॉक्टरांनीही गृहीत धरलेलं असतं.

खुब्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं. तिथून ते मांडीच्या पुढच्या अंगाने उतरत गुडघ्यापर्यंत येतं, म्हणून पुष्कळदा बिघाड खुब्यात असतो आणि तेल गुडघ्याला चोळलं जातं. "कुठे दुखतं?" असं विचारल्यावर हात मागे, पट्ट्याच्या रेषेत गेला तर संशय मणक्यावर, जांघेत किंवा कुल्ह्याच्या बाजूला गेला तर खुबा तपासायलाच हवा. घरच्या घरी ओळखायच्या आणखी खुणा आहेत. मोटारसायकलवर टांग टाकता येत नाही. मोजा घालताना, पायाची नखं काढताना पाय जवळ घेता येत नाही. मांडी घालून बसलं की एक गुडघा जमिनीकडे झुकतच नाही, वर उभा राहतो. कंपनीच्या बसची पहिली पायरी चढताना खांबाला धरावं लागतं. यांतल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर मणक्याच्या एमआरआयआधी दोन्ही खुब्यांचा साधा एक्स-रे मागून घ्या.

खुब्यावरच्या उपचारांबद्दल गेल्या वीस वर्षांत चांगलं संशोधन झालं आहे. ते वाचायला डॉक्टर असावं लागत नाही, एक प्रश्न पुरतो. कोणी म्हणालं, "या गोळीने, या इंजेक्शनने, या व्यायामाने फरक पडतो," की विचारायचं: कशाच्या तुलनेत? काहीच न करण्याच्या, खोट्या गोळीच्या, की ऑपरेशनच्या?

आधी कारण पाहू. युरोप-अमेरिकेत खुबा बदलायची वेळ येते ती बहुतेक वयानुसार झिजलेल्या सांध्यामुळे, साठी-सत्तरीत. आपल्याकडे गुडघे झिजणारी माणसं चिक्कार, पण खुब्याची साधी झीज त्या मानाने कमी. खुबा बदलण्याचं आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडणं, ज्याला डॉक्टर एव्हीएन म्हणतात. गोळ्याचं हाड आतून मरतं, मग खचतं आणि त्यामागून सांधा झिजतो. हे तिशी-चाळिशीत होतं. दारू, स्टिरॉइडची औषधं, सिकलसेल, खुब्याजवळचं जुनं फ्रॅक्चर ही नेहमीची कारणं. काही वेळा कारण सापडतही नाही. सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ दिसतो, एमआरआयमध्येच ते कळतं. म्हणून चाळिशीच्या आतल्या माणसाची जांघ महिनाभर दुखत असेल तर "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानू नका.

इथे पुड्यांबद्दल सांगायलाच हवं. सांधेदुखीवर नाव नसलेल्या, "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि गोळ्या बाजारात मिळतात. दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक लागते, चेहरा भरतो. अशा काही औषधांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. सांध्यासाठी घेतलेली पुडीच सांधा खाऊ शकते. कोणतं औषध आत आहे ते पाकिटावर छापलेलं नसेल तर ते तोंडात घालू नका, मग देणारा कितीही ओळखीचा असो.

स्टिरॉइड आणि खुबा हे नातं कोविडनंतर पुन्हा चर्चेत आलं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये चाळिशीच्या आतले तीन रुग्ण नोंदवले. त्यांना कोविडमध्ये स्टिरॉइड दिलं गेलं होतं आणि पुढे खुब्याचं एव्हीएन निघालं. जीव वाचवायला दिलेलं स्टिरॉइड चुकीचं होतं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण मोठा आजार होऊन गेल्यावर जांघ दुखायला लागली तर डॉक्टरांना आठवणीने सांगा की मला स्टिरॉइड दिलं होतं.

याच अगरवालांचं त्याआधीचं काम आपल्या प्रश्नासाठी फार उपयोगी आहे. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी अॅलेंड्रोनेट ही गोळी एव्हीएनच्या रुग्णांना देऊन त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २००५ मध्ये आणि नंतर २००९ मध्ये निष्कर्ष छापले: बऱ्याच रुग्णांचं दुखणं कमी झालं, ऑपरेशन लांबलं. आता विचारा, कशाच्या तुलनेत? त्या अभ्यासात खोटी गोळी घेणारा दुसरा गट नव्हता. तैवानमध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून तसा गट ठेवला. कोणाला खरी गोळी आणि कोणाला खोटी, हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही. २०१२ मध्ये निकाल आला तेव्हा दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. मग मुंबईचं काम वाया गेलं का? तसं नाही. इतके रुग्ण इतकी वर्षं नीट नोंदवून ठेवणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि गोळा खचण्याआधीच्या टप्प्यात काही डॉक्टर ही गोळी आजही विचारपूर्वक देतात. तुम्हाला दिली तर घ्या, पण गोळीने खुबा वाचलाच असं समजून पुढची तपासणी चुकवू नका.

आता व्यायाम की ऑपरेशन. डेन्मार्कमधल्या एका चाचणीचा निकाल २०२४ मध्ये छापून आला. खुबा चांगलाच झिजलेल्या, पन्नाशीपुढच्या १०९ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाचा खुबा बदलायचा, दुसऱ्याने बारा आठवडे देखरेखीखाली वजनं घेऊन पायाची ताकद वाढवायची. दुखणं आणि चालणं-फिरणं मोजायला ४८ गुणांची एक प्रश्नावली वापरतात. सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटाचे गुण सरासरी सुमारे १६ ने वाढले, व्यायामाच्या गटाचे साडेचारने. सांधा पार झिजल्यावर ऑपरेशनला तोड नाही, हे त्यातून स्वच्छ दिसतं. पण व्यायामाच्या गटातल्या साधारण पाचातल्या एकानेच त्या सहा महिन्यांत ऑपरेशन करून घेतलं. बाकीच्यांनी कळ काढली. म्हणजे "आत्ताच्या आत्ता करा, नाहीतर उशीर होईल" अशी घाई बहुतेकांना नसते. कापणी, मुलीचं लग्न, शाळेच्या परीक्षा आटोपून तारीख घेता येते. एव्हीएनमध्ये गोळा खचायच्या बेतात असेल, किंवा रात्रीची झोप उडाली असेल, तर हिशेब वेगळा.

झीज सुरुवातीची असेल तर व्यायामाचं पारडं जड होतं. नॉर्वेत अशाच रुग्णांच्या एका गटाला नुसती माहिती दिली आणि दुसऱ्याला माहितीसोबत व्यायामही. ऑपरेशनपर्यंत पोचायला नुसत्या माहितीच्या गटाला साधारण साडेतीन वर्षं लागली, व्यायामाच्या गटाला जवळपास साडेपाच. ऑस्ट्रेलियातल्या २०१४ च्या चाचणीने मात्र फिजिओथेरपीची चांगलीच जिरवली. १०२ रुग्णांपैकी निम्म्यांना हाताने सांधा हलवणं, व्यायाम, सल्ला असं सगळं दिलं. उरलेल्यांच्या खुब्यावरून बंद असलेलं अल्ट्रासाउंडचं यंत्र फिरवलं आणि औषध नसलेलं जेल लावलं. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं! यावरून माझं मत असं की, टेबलावर झोपून दुसऱ्याकडून करून घेण्याच्या उपचारांवर पैसे घालवू नयेत. पायाची ताकद स्वतः वाढवावी, ती महिनोन् महिने वाढवावी आणि वजन उतरवावं. कुठल्या व्यायामापासून सुरुवात करायची ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. ओट्याला धरून दुखरा पाय बाजूला उचलणं, हातांचा आधार न घेता उंच खुर्चीतून उठणं-बसणं आणि झेपेल तसं सपाट रस्त्यावर चालणं, एवढंही पुष्कळ आहे. व्यायामाने थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते शमलं नाही तर जोर कमी करा.

काठी घ्यायला लाजू नका, पण ती दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात धरा. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. पुष्कळ माणसं उलटी धरतात आणि मग काठीचा उपयोग नाही म्हणून कोपऱ्यात ठेवतात.

बाकी उपाय थोडक्यात. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या महाग असतात. नेदरलँड्समध्ये खुब्याच्या २२२ रुग्णांना दोन वर्षं देऊन पाहिल्या, खोट्या गोळीपेक्षा जास्त काही पदरात पडलं नाही. सोनोग्राफीत बघून खुब्यात दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही महिने आराम पडतो, असं इंग्लंडमधल्या २०२२ च्या चाचणीत दिसलं. सांधा त्याने सुधारत नाही. स्वतःच्या रक्तातून काढलेलं पीआरपी आणि स्टेम सेलची इंजेक्शनं जाहिरातीत दाखवतात तितकी सिद्ध झालेली नाहीत. किंमत मात्र पूर्ण घेतात.

ऑपरेशन ठरलं तर तयारी महिनाभर आधी सुरू करा. साखर आटोक्यात आणा, रक्त कमी असेल तर भरून काढा, किडका दात दाखवून घ्या, टाचांच्या भेगा आणि बोटांमधल्या चिखल्या बऱ्या करून घ्या. शेतात अनवाणी वावरणाऱ्याच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट कोणी विचारतच नाही. तंबाखू, विडी बंद, आणि बायकांची मिश्रीही. मिश्री म्हणजे तंबाखूच, पण "काही व्यसन आहे का?" असं विचारल्यावर आजी ठामपणे "नाही" म्हणतात. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो आणि पू होण्याचा धोका वाढतो.

खर्चाचंही आधी बघून ठेवा. रांजणगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्या, महिन्याला २१,००० रुपयांच्या आत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय (राज्य कामगार विमा) लागू असतं, कंत्राटी कामगारालाही. उपचार तर मिळतातच, शिवाय आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते, आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर साधारण एवढीच रजा लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण कोणतं ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसतं हे तिथल्या आरोग्यमित्राकडून आधी पक्कं करा. खासगीत करणार असाल तर अंदाजपत्रकात सांध्याची किंमत, कंपनी आणि मॉडेल वेगळं लिहून मागा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली. त्या आदेशात खुबा नव्हता.

घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा. पलंग गुडघ्यापेक्षा थोडा उंच हवा. जमिनीवरचं अंथरूण काही महिने विसरा. वाटेतली सतरंजी, उंबऱ्यापाशी ठेवलेली घमेली-बादल्या, अंगणात पायात येणारं कुत्रं, सगळं बाजूला करा. आणि म्हशीची धार कोण काढणार, हे आधी ठरवा. हा प्रश्न रुग्णालयात विचारत नाहीत, पण धारेच्या वेळी घरात कोणी नाही म्हणून माणूस दहाव्या दिवशी गोठ्यात उकिडवा बसतो आणि सांधा निखळतो.

ऑपरेशननंतर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. घोटे दर तासाला वर-खाली हलवायचे. रक्त गोठू नये म्हणून दिलेली गोळी किंवा इंजेक्शन सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्यायचंच, "आता बरं वाटतंय" म्हणून मधेच सोडायचं नाही. पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली, जखमेतून पाणी यायला लागलं, ताप आला, किंवा पाय एकाएकी आखूड दिसून टेकता येईना, तर फोनवर सल्ला घेत बसू नका, रुग्णालय गाठा.

उकिडवं बसू नका, पायावर पाय टाकू नका, कमरेतून नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकू नका, ही बंधनं सगळ्यांनाच ऐकवली जातात. त्यांचीही तपासणी झाली आहे. सांध्याकडे समोर-बाजूने शिरून केलेल्या ऑपरेशननंतर अमेरिकेत एका गटाला ही बंधनं घातली आणि दुसऱ्याला मोकळं सोडलं. २००५ च्या त्या अभ्यासात ३०३ खुब्यांपैकी एकच निखळला, तोही बंधनं पाळणाऱ्या गटातला. पण त्या रुग्णांना घरी उकिडवं बसून भांडी घासायची नव्हती की भारतीय संडासात बसायचं नव्हतं, आणि आपल्याकडे पुष्कळ सर्जन मागच्या बाजूने शिरतात. म्हणून तुमच्या डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: कोणत्या बाजूने केलं, आणि माझ्यासाठी कोणती बंधनं किती आठवड्यांची? बायकांनी दुचाकीवर मागे एका अंगाला पाय टाकून बसणंही त्यात विचारून घ्या, कारण त्यात कंबर आणि खुबा दोन्ही पिळले जातात. मोटारीच्या उंच सीटवर आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. रांजणगावच्या महागणपतीच्या दर्शनाला जायचं असेल तर चतुर्थीची गर्दी टाळून साध्या दिवशी जा आणि नमस्कार उभ्यानेच करा.

रोज पुण्याला फिजिओथेरपीला जाणं जमत नाही म्हणून खंत करू नका. अमेरिकेतच २०१७ मध्ये छापलेल्या चाचणीत, शिकवलेला व्यायाम घरी करणारे आणि केंद्रात जाऊन करणारे यांच्यात फरक आढळला नाही. नगर रस्त्याच्या वाहतुकीत तासन् तास आखडून बसण्यापेक्षा घरचा व्यायाम बरा. त्यात खाडा मात्र नको.

मोठ्या रुग्णालयात तुम्हाला एखाद्या चाचणीत भाग घेता का, असंही विचारतील. घाबरायचं कारण नाही. भारतात २००९ च्या जूनपासून अशा चाचण्यांची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद करावी लागते; नोंदणी क्रमांक मागा. संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. कधीही बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे आणि बाहेर पडलात म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

शेवटची गोष्ट एका स्टिकरची. डेप्यू या जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपनीचा एएसआर नावाचा खुबा होता, धातूवर धातू घासणारा. नवा, टिकाऊ, तरुण रुग्णांसाठी उत्तम, अशी त्याची जाहिरात होती. इंग्लंडच्या राष्ट्रीय नोंदवहीत बदललेला प्रत्येक खुबा लिहिला जातो. तिथे इतर खुब्यांच्या तुलनेत हा फार लवकर बिघडतो असं दिसलं. पाच वर्षांत शंभरातले १२-१३ पुन्हा बदलावे लागत होते आणि घासलेल्या धातूचे कोबाल्ट-क्रोमियम रुग्णांच्या रक्तात उतरत होते. २०१० च्या ऑगस्टमध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रकरण लावून धरलं. केंद्राने समिती नेमली आणि २०१८ मध्ये सुमारे सव्वा कोटी रुपयांपर्यंत भरपाईचं सूत्र ठरलं. पण बसवलेल्यांपैकी हजारोंचा माग लागलाच नाही. आपल्याकडे इंग्लंडसारखी सक्तीची नोंदवही नाही आणि पुष्कळ रुग्णांना आपल्या शरीरात कोणतं मॉडेल आहे हेच माहीत नव्हतं.

चांगला बसवलेला खुबा दीर्घकाळ टिकतो. २०१९ मध्ये मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हा निम्म्याहून जास्त खुबे २५ वर्षं टिकलेले आढळले. एवढ्या काळात रुग्णालय बदलतं, डॉक्टर निवृत्त होतात, केसपेपर वाळवी खाते. प्रत्येक कृत्रिम सांध्याच्या खोक्यात कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर छापलेले स्टिकर असतात. घरी सोडण्याआधी डिस्चार्ज कार्डावर ते चिकटवून मागा, त्याचा फोटो मुलाच्या आणि मुलीच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि मूळ कागद सातबाऱ्याच्या फायलीत घाला.